मॉनिटर कॅलिब्रेशन: आधी बटणं, मग सॉफ्टवेअर

फोटोची प्रिंट काळपट आली की पहिला आळ प्रिंटरवर येतो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. साध्या मॉनिटरची कमाल उजळता २५० ते ३५० निट असते आणि कारखान्यातून तो त्या कमालीच्या आसपासच लावून येतो. (निट म्हणजे प्रति चौरस मीटर एक कँडेला.) एवढ्या लखलखाटात काम करणारा माणूस नकळत फोटो गडद करत जातो. कागद स्वतःचा उजेड फेकत नाही, त्यामुळे छपाईत तो गडदपणा उघडा पडतो. रंगछटेचंही तेच. पडद्याचा पांढरा निळसर असला तरी डोळा काही मिनिटांत त्याला सरावतो, आणि मग प्रत्येक फोटोला नकळत पिवळी झाक चढते. सरावणं हा डोळ्याचा स्वभावच आहे, म्हणून या कामात निवाडा मोजणाऱ्या उपकरणाचा.

कॅलिब्रेशन या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं होतात, ती आधी सुटी करू. पहिलं काम मॉनिटरला ठरलेल्या स्थितीत आणण्याचं: पांढरा किती उजळ, तो कोणत्या छटेचा, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे करडे टप्पे कोणत्या वक्रावर. दुसरं काम त्या स्थितीत मॉनिटर प्रत्यक्षात कोणता रंग कसा दाखवतो हे मोजून लिहून ठेवण्याचं. ही नोंद म्हणजे आयसीसी प्रोफाइल. रंगांचं वर्णन करणारं प्रोफाइल स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. फोटोशॉपसारखा प्रोग्रॅम ते वाचतो आणि त्याप्रमाणे पडद्याकडे पाठवायचे आकडे बदलतो. यातून एक साधी गोष्ट निघते. प्रोफाइल बनवून झाल्यावर मॉनिटरचा ब्राइटनेस किंवा रंगाचं एखादं बटण हललं, तर ती नोंद जुन्या स्थितीची राहते आणि सगळी मेहनत वाया जाते.

लक्ष्याचे आकडे

पांढऱ्यासाठी डी६५ घ्या. हा साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड. रंगांच्या नकाशावरचा नेमका बिंदू सांगायचा तर एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. केल्विनचा आकडा एकटा पुरेसा नसतो, कारण ६५०० केल्विन दाखवणारा पांढरा हिरवटही असू शकतो आणि गुलाबटही. म्हणून सॉफ्टवेअर एक्स-वाय विचारत असेल तर तेच भरावं. छपाईवाले डी५० चा आग्रह धरतात, कारण प्रिंट तपासायचे दिवे ५००० केल्विनचे असतात. पण असा दिवा शेजारी नसेल तर डी५० ला लावलेला पडदा नुसता पिवळट वाटत राहतो. शंका असेल तर डी६५.

उजळतेचा आकडा खोलीवर अवलंबून आहे. एसआरजीबी हे वेब आणि साध्या पडद्यांच्या रंगांचं प्रमाण १९९९ साली ठरलं तेव्हा त्यात ८० निटचा पडदा आणि ६४ लक्सची मंद खोली धरली होती (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप). आजच्या सर्वसाधारण खोलीत १०० ते १२० निट बरोबर बसतात. प्रिंटसाठीच काम असेल तर ८० ते १०० कडे झुकावं. खोलीत दिवसा भरपूर उजेड येत असेल आणि तो आवरता येत नसेल तर १४० ते १६० पर्यंत जावं लागतं, पण अशा खोलीत गडद भागांतले बारकावे दिसत नाहीत, हे मान्य करूनच.

गॅमा, म्हणजे करड्या टप्प्यांचा तो वक्र, २.२. एसआरजीबीचा स्वतःचा वक्र काळ्याजवळ थोडा वेगळा आहे, पण एकूण तो २.२ च्याच आसपास पडतो. आयसीसी प्रोफाइल पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये या निवडीने फारसा फरक पडत नाही, कारण प्रोग्रॅम प्रोफाइलमधला वक्र वाचून हिशेब जुळवतोच. व्हिडिओचं काम अंधाऱ्या खोलीत होत असेल तर मात्र २.४ आणि १०० निट.

काळ्यासाठी काहीही लक्ष्य देऊ नका. पॅनेलला जमेल तितका काळा राहू द्या. आयपीएस या नेहमीच्या एलसीडी पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, म्हणजे १२० निटच्या पांढऱ्याला ०.१२ निटचा काळा मिळतो.

उपकरण

घरगुती आणि स्टुडिओच्या कामाला कलरिमीटर पुरतो. एक्स-राइटचा आय१डिस्प्ले प्रो २०११ मध्ये आला; त्याच घराण्यातली उपकरणं २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने मिळतात. दुसरं मोठं नाव डेटाकलरच्या स्पायडरचं. कलरिमीटरमध्ये रंगीत फिल्टर असतात आणि ते मानवी डोळ्याच्या संवेदनेची नक्कल करतात. नक्कल तंतोतंत नसते, म्हणून बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या, जातीप्रमाणे एक दुरुस्ती लावावी लागते. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मोजतो, त्याला अशी दुरुस्ती लागत नाही. पण गडद रंगांत तो संथ आणि डळमळीत असतो. दोन्ही हाताशी असतील तर स्पेक्ट्रोने दुरुस्ती तयार करायची आणि प्रत्यक्ष मोजणी कलरिमीटरने करायची.

बॅकलाइटची जात चुकीची निवडणं ही सगळ्यात फसवी चूक. एसआरजीबीपुरतेच रंग दाखवणाऱ्या साध्या पॅनेलला पांढरा एलईडी. पी३ या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपल्ल्याचे ९५ टक्के किंवा जास्त रंग दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये बहुधा पीएफएस फॉस्फर किंवा क्वांटम डॉट. जुन्या मॉनिटरना सीसीएफएल, म्हणजे बारीक ट्यूबलाइट. ओएलईडीला त्याची स्वतःची दुरुस्ती. मॉनिटरच्या तपशीलवार माहितीत गॅमट, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांची व्याप्ती, दिलेली असते. तिच्यावरून जात ओळखा. दुरुस्ती चुकली तर पडद्याचा पांढरा हिरवट किंवा गुलाबी होतो आणि अहवाल मात्र सगळं उत्तम असल्याचं सांगतो. त्याच उपकरणाने, त्याच दुरुस्तीने केलेली तपासणी ही चूक पकडूच शकत नाही. ज्या फुटपट्टीने कापड कापलं तिनेच ते परत मोजण्यातला हा प्रकार.

सॉफ्टवेअर उपकरणासोबत येतंच. अधिक ताबा हवा असेल तर डिस्प्लेकॅल मोफत आहे. त्याच्या पोटात आर्गिल सीएमएस हे इंजिन चालतं. मूळ डिस्प्लेकॅलचा विकास थांबलेला असला तरी पायथन ३ वर चालणारी त्याची आवृत्ती वापरात आहे. विंडोजवर काही उपकरणांसाठी आर्गिलचा वेगळा यूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो, तो त्याच्या मेन्यूतून बसतो.

मोजणीआधी

मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवा. बॅकलाइट तापेपर्यंत उजळता आणि छटा दोन्ही सरकत राहतात. तेवढ्या वेळात स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद करा, आणि पडदा मऊ कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

खोलीतला उजेड रोज कामाच्या वेळी असतो तसा ठेवा, पण पडद्यावर थेट दिवा किंवा खिडकी पडता कामा नये. भडक लाल शर्ट घालून बसलात तर पडद्याच्या काचेवर त्याची झाक येते. ऐकायला गमतीचं वाटतं, पण काळ्या भागात ती दिसते. खोलीतला उजेड मोजायला कॅमेरा चालतो. मॉनिटरच्या जागी १८ टक्के करडं कार्ड धरा, आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ २.८ ठेवा, मीटरने १/३ सेकंद दाखवला तर उजेड ५० ते ६० लक्सच्या घरात आहे, म्हणजे छान.

आता रंगात लुडबुड करणारं सगळं बंद करायचं. विंडोजमध्ये नाइट लाइट आणि एचडीआर. मॅकवर ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस. ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधली रंगाची सगळी सेटिंग मूळ जागी. मॉनिटरच्या मेन्यूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, निळा प्रकाश गाळणारे मोड, गेमसाठीचं काळं उजळवणारं सेटिंग, लोकल डिमिंग: यातलं एकही चालू राहिलं तर मॉनिटर मोजणीसाठी दाखवलेल्या प्रत्येक रंगठोकळ्याला वेगळा वागतो आणि मोजणीला अर्थ उरत नाही.

एचडीएमआय केबल असेल तर आणखी एक तपासणी. काही ग्राफिक्स कार्डं मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच पातळी पाठवतात. मॉनिटर पूर्ण पल्ल्याची वाट बघत असला तर काळा राखाडी दिसतो, पांढरा मळकट. उलट गल्लत झाली तर गडद भागांचा चिखल होतो. कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट आरजीबी आणि रेंज फुल आहे ना, हे बघा. लाल अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसत असतील तर सिग्नल आरजीबी नसून रंगाची माहिती कमी करून पाठवणारा ४:२:२ किंवा ४:२:० असतो.

बटणं

खरं कसब इथे आहे. सॉफ्टवेअर जी दुरुस्ती करतं ती ग्राफिक्स कार्डातल्या एका तक्त्यातून, लुकअप टेबलमधून, जाते. नेहमीच्या ८ बिटच्या मार्गावर प्रत्येक रंगाला २५६ पातळ्या असतात. समजा पांढरा फार निळा आहे आणि सॉफ्टवेअरने निळा ८५ टक्क्यांवर दाबला. आता निळ्याची कमाल पातळी २५५ नव्हे, २१७. म्हणजे २५६ पातळ्या २१८ खणांत कोंबल्या गेल्या, ३८ पातळ्या शेजारच्या पातळीत विरघळल्या. आकाशाच्या मऊ उतारावर पट्टे दिसतात ते इथून येतात. तेच काम मॉनिटरच्या बटणांनी केलं तर मॉनिटर ते आपल्या आतल्या, बहुधा जास्त बिटच्या, तक्त्यात करतो आणि ग्राफिक्स कार्डाला उरतं ते किरकोळ हात फिरवणं.

मॉनिटर आधी फॅक्टरी रीसेट करा. मग यूजर किंवा कस्टम नावाचा कलर मोड निवडा, ज्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे हलवता येतात. मेन्यूत गॅमाचा पर्याय असेल तर २.२. त्याला एक-दोन-तीन अशी नावं असतील तर प्रत्येक मोजून २.२ च्या जवळचा घ्या.

कॉन्ट्रास्ट आहे तिथेच राहू द्या. बहुतेक एलसीडींवर तो वाढवला की वरच्या पातळ्या कापल्या जातात आणि २५०, २५२, २५४ हे सगळे एकच पांढरे दिसू लागतात. शार्पनेसलाही हात नको.

आता कलरिमीटर लावा. त्याच्यावर खोलीचा उजेड मोजायचं दुधी झाकण असतं, ते बाजूला केलंय ना हे आधी बघा. ते तसंच राहिलं की मोजणी पूर्ण होते आणि निकाल वेडावाकडा येतो. पडदा किंचित मागे झुकवा, वजनाची वायर मागे सोडा, म्हणजे उपकरण मधोमध सपाट टेकेल. दाबून धरू नका, दाबाने एलसीडीचा रंग बदलतो. पण फटही राहायला नको, बाहेरचा उजेड तिथून शिरतो. यूएसबी थेट संगणकाला, हबमधून नको.

सॉफ्टवेअरमध्ये बटणांनी जुळवण्याचा टप्पा असतो. डिस्प्लेकॅल तिथे तीन रंगांच्या पट्ट्या आणि लक्ष्यापासूनचं अंतर दाखवतं. क्रम असा: पहिल्यांदा ब्राइटनेस खाली आणून साधारण १२५-१३० निटवर थांबा. मग रंग. जो रंग जास्त आहे तो कमी करा. जो सगळ्यात कमी आहे त्याला मूळ आकड्यावरच ठेवा, वाढवू नका. निळी पट्टी लांब असेल तर निळा १०० वरून ९६, ९३ असा उतरवा. हिरव्याला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी हलवा, कारण उजळतेचा मोठा वाटा त्याच्याकडे असतो. दर बदलानंतर आकडा स्थिर व्हायला दोन-तीन वाचनं थांबा. रंग उतरवल्याने उजळता थोडी पडते, म्हणून शेवटी पुन्हा ब्राइटनेसकडे येऊन १२० गाठा. नेमके १२० आणि नेमका डी६५ यासाठी तासभर झगडण्यात अर्थ नाही. उजळता दोन निट इकडेतिकडे आणि छटेचं अंतर डेल्टा ई १ च्या आत आलं की पुढे जावं. झाल्यावर मेन्यूतले सगळे आकडे लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा, आणि मेन्यू लॉक करता येत असेल तर करा.

डेल्टा ई म्हणजे दोन रंगांमधलं डोळ्याला जाणवणारं अंतर. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन रंगांत १ एवढा फरक जेमतेम कळतो.

मॉनिटरमध्ये हार्डवेअर कॅलिब्रेशन असेल, जसं आयझोच्या कलरएज किंवा बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेत, तर बटणांची ही कसरत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर थेट मॉनिटरच्या आतला तक्ता लिहितं आणि ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही.

मोजणी आणि प्रोफाइल

यापुढे काम यंत्राचं. सॉफ्टवेअर करडे टप्पे सरळ करतं, मग रंगठोकळे दाखवून मोजतं. वेग मध्यम किंवा संथ ठेवा. घाईच्या मोजणीत गडद ठोकळ्यांना पुरेसा वेळ मिळत नाही आणि नेमकी तिथेच मोजणी जास्त डळमळते. या काळात माउसचा बाण ठोकळ्यावर आणू नका आणि टेबलाला धक्का देऊ नका.

प्रोफाइलचा प्रकार विचारला तर एकच वक्र आणि मॅट्रिक्स हा सुरक्षित पर्याय. एलयूटी (लुकअप टेबल) प्रकारचं प्रोफाइल पॅनेलचे वाकडेतिकडे स्वभाव जास्त बारकाईने टिपतं, पण काही प्रोग्रॅम ते नीट वाचत नाहीत. तिन्ही रंगांना वेगळे वक्र दिले तर मोजणीतला बारीकसा गोंधळही गडद करड्यांमध्ये लाल-हिरवी झाक होऊन दिसतो. पॅनेल बरं असेल तर साध्या प्रकाराने काही बिघडत नाही. आयसीसीची आवृत्ती २ निवडा, ४ सगळीकडे चालत नाही.

फाइलच्या नावात मॉनिटर, तारीख, उजळता आणि व्हाइट पॉइंट (पांढऱ्याचं लक्ष्य) घाला. सहा महिन्यांनी पाच प्रोफाइलच्या गर्दीत हे नावच वाटाड्या होतं.

निकाल वाचणं

मोजणीनंतरची तपासणी, म्हणजे व्हेरिफिकेशन, वेगळी चालवा. डेल्टा ई २००० च्या सूत्राने सरासरी १ च्या खाली आणि कमाल ३ च्या खाली असेल तर काम चोख. सरासरी छान आणि एखादाच गडद निळा ४ वर गेला तर काळजी नको. करडे टप्पे मात्र वेगळे बघा. माणसाच्या त्वचेचा रंग किंवा ढगाचा राखाडी बिघडतो तो करड्यांच्या झाकेमुळे, भडक रंगांमुळे नाही.

मग डोळ्याने. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सलग पट्टा उघडा. त्यात कुठे गुलाबी-हिरवे पट्टे नकोत. काळ्याजवळ ३, ४, ५ या पातळ्या शुद्ध काळ्यापासून कशाबशा सुट्या दिसाव्यात. पांढऱ्याजवळ २५३ दिसला तर उत्तम. पट्टे दिसलेच तर कारण बहुधा वर सांगितलेलं: दुरुस्तीचा जास्त भार ग्राफिक्स कार्डावर पडलाय. बटणांकडे परत जा.

पडदा सगळीकडे सारखा नसतो हेही ध्यानात असू द्या. मोजणी मध्यावरची आहे. कोपरे मध्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मंद असणं साध्या मॉनिटरमध्ये नेहमीचं आहे आणि कॅलिब्रेशन ते बरं करत नाही. रंगाचा निर्णय घ्यायचा फोटो मध्ये ठेवा, कोपऱ्यात टूलबार राहू द्या.

इतकं करूनही रंग चुकतात तेव्हा

प्रोफाइल बसवलं की सगळा संगणक सुधारला, असं होत नाही. ग्राफिक्स कार्डाचा तक्ता सगळ्यांना लागू होतो, म्हणून पांढरा आणि करडे सगळीकडे सुधारतात. रंगांची नोंद मात्र ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच कळते. विंडोजचा डेस्कटॉप आणि बरेचसे जुने फोटो-दर्शक ती वाचत नाहीत. विस्तृत गॅमटच्या मॉनिटरवर याचा भडका उडतो: डेस्कटॉपवरचा फोटो टोमॅटोसारखा लाल, तोच फोटोशॉपमध्ये शांत. फोटोशॉप बरोबर आहे. असा फरक त्रास देत असेल आणि काम फक्त वेबसाठी असेल तर मॉनिटरचा एसआरजीबी मोड वापरा. तो रंगांचा पल्ला आतूनच आवळतो. अडचण एवढीच की बऱ्याच मॉनिटरमध्ये या मोडमध्ये रंगांची बटणं, कधीकधी ब्राइटनेसही, कुलूपबंद असतो.

विंडोजमध्ये प्रोफाइल आपोआप बसलं नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये योग्य मॉनिटर निवडा, स्वतःची सेटिंग वापरायची खूण करा, प्रोफाइल जोडा आणि ते डिफॉल्ट करा. तक्ता लोड करायला विंडोजचं स्वतःचं डिस्प्ले कॅलिब्रेशन चालू करावं लागतं. ती खूण अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधल्या सिस्टिम डिफॉल्टमध्ये दडलेली असते. किंवा मग डिस्प्लेकॅलचा लोडर वापरा. दोन्ही एकत्र नको, एक लावतो ते दुसरा पुसतो. संगणक झोपेतून उठल्यावर किंवा गेम बंद केल्यावर पांढरा अचानक बदलला तर तक्ता उडालाय असं समजा.

फोटोशॉपमध्ये दोन घोटाळे वारंवार होतात. एक, मॉनिटरचं प्रोफाइल वर्किंग स्पेस, म्हणजे फोटोवर काम करायचा रंगपल्ला, म्हणून निवडणं. तिथे एसआरजीबी, अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो हवं. मॉनिटरचं प्रोफाइल फोटोशॉप सिस्टिमकडून आपलं आपण घेतं, आणि नवीन प्रोफाइल बसवल्यावर ते एकदा बंद करून उघडावं लागतं. दुसरा, प्रूफ सेटअपमध्ये मॉनिटर आरजीबी चालू राहणं. त्याने सगळं कलर मॅनेजमेंट गुपचूप बाजूला पडतं. फोटो बाहेर पाठवताना एसआरजीबीत रूपांतर करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडा; न जोडलेल्या फोटोला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या मर्जीने वागवतो.

आणि प्रिंट? कागदाचं आयसीसी प्रोफाइल घेऊन सॉफ्ट प्रूफिंग करा, म्हणजे छपाई कशी दिसेल ते पडद्यावरच बघा, आणि प्रिंट ज्या उजेडात बघता तिथल्या कोऱ्या कागदाशी पडद्यावरचा कोरा पांढरा ताडून बघा. पडदा जास्त उजळ दिसला तर लक्ष्य १२० वरून १०० किंवा ९० वर आणून पुन्हा मोजा. नुसता ब्राइटनेस उतरवून भागवू नका, प्रोफाइल शिळं होईल.

दोन मॉनिटर शेजारी

दोन्ही डी६५, दोन्ही १२० निट, तरी एक हिरवट दिसतो: ही तक्रार खरी असते आणि उपकरण बिघडलेलं नसतं. मोजणीचं गणित १९३१ साली ठरलेल्या प्रमाण डोळ्यावर चालतं. तुमचा डोळा नेमका तसाच नाही. दोन बॅकलाइटचे वर्णपट वेगळे असले की आकडे जुळूनही दोन पांढरे वेगळे दिसू शकतात. अशा वेळी चांगला मॉनिटर मोजून लावा, दुसऱ्याची उजळता उपकरणाने तेवढीच करा, आणि त्याचा पांढरा मात्र रंगांची बटणं हलवत डोळ्याने पहिल्याशी जुळवा. जुळला की त्या पांढऱ्याचे एक्स-वाय मोजा आणि तेच आकडे दुसऱ्याचं लक्ष्य म्हणून देऊन प्रोफाइल बनवा.

लॅपटॉप आणि ओएलईडी

लॅपटॉपला रंगांची बटणं नसतात, म्हणून सगळी दुरुस्ती तक्त्यातूनच होते. त्याचा मूळ पांढरा ६५०० च्या आसपास असेल तर तो तसाच ठेवून फक्त करडे सरळ करणं शहाणपणाचं. इंटेलचं डिस्प्ले पॉवर सेव्हिंग किंवा एएमडीचं व्हारी-ब्राइट आधी बंद करा. बॅटरीवर असताना ही सोय फोटो बघून उजळता बदलते. ओएलईडीवर पडदा पूर्ण पांढरा झाला की तो स्वतःला मंद करतो, म्हणून मोजणीचा ठोकळा लहान, पडद्याच्या साधारण दहा टक्के ठेवा आणि भोवती काळं.

उपकरण नसेल तर

पूर्ण अचूकता विसरा, पण सर्वात मोठी चूक, उजळतेची, कॅमेऱ्याने सुधारता येते. पडदा पूर्ण पांढरा करा, कॅमेऱ्याची चौकट त्याने भरा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ५.६. मीटर १/३० सेकंद दाखवेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस हलवा. तिथे साधारण १२० निट असतात. १/६० म्हणजे दुप्पट. कॅमेऱ्यागणिक थोडा फरक पडतो, तरी अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं.

छटेसाठी मॉनिटरचा एसआरजीबी मोड किंवा ६५०० चा तयार पर्याय निवडा आणि थांबा. डोळ्याने पांढरा लावायला जाऊ नका. गॅमा तपासायचे रेघांचे नमुने मिळतात, पण ते बघताना सिस्टिमचं स्केलिंग आणि ब्राउझरचा झूम दोन्ही १०० टक्के हवेत, नाहीतर रेघा पुसट होऊन उत्तर चुकतं. त्याच मॉडेलसाठी दुसऱ्याने बनवलेलं प्रोफाइल उतरवून लावणं टाळा. एकाच मॉडेलचे दोन नगही पांढऱ्यात वेगळे असतात, आणि त्या माणसाच्या मॉनिटरचे ग्राफिक्स कार्डातले वक्र तुमच्यावर लादले जातात.

पुन्हा कधी

पैसे घेऊन रंगाचं काम करत असाल तर महिन्याला, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी. त्याशिवाय ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड बदललं, कुणी मॉनिटरची बटणं दाबली, की लगेच. केबल दुसऱ्या पोर्टला लावली तर विंडोज कधीकधी त्याला नवा मॉनिटर समजतं आणि प्रोफाइलची जोडणी तुटते. तिथे पुन्हा मोजायची गरज नसते, जुनं प्रोफाइल जोडलं आणि मॉनिटरची त्या पोर्टची सेटिंग तीच आहे हे पाहिलं की झालं.

कलरिमीटर टेबलावर उघडा टाकू नका. त्याचे फिल्टरही वयाने बदलतात, काही जुन्या उपकरणांचे तर दमटपणाने लवकर. सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात, अंधारात ठेवा. दर वेळी मोजणीच्या सुरुवातीला, काही न बदलता, मॉनिटरच्या पांढऱ्याचे आकडे वहीत टिपत गेलात तर मॉनिटर हळूहळू कुठे सरकतोय हे दिसतं. दोन महिन्यांत आकडा अचानक मोठी उडी मारतो तेव्हा मॉनिटरपेक्षा आधी उपकरणावर आणि त्या विसरलेल्या दुधी झाकणावर संशय घ्या.